श्रवणतंत्रिकेवरील गाठ : शस्त्रक्रियेनंतर त्या कानाने ऐकू येत राहील का, हे आधी कितपत सांगता येते?

सुहासिनी_नाशिक

माझ्या धाकट्या भावाचे वय ४३ आहे. वर्षभरापूर्वी फोन उजव्या कानाला लावला की समोरच्याचा आवाज येतो पण बोलणे उमगत नाही, अशी त्याची तक्रार सुरू झाली आणि त्याने नकळत फोन डाव्या कानाला धरायला सुरुवात केली. पुढे कानात सतत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा ऑडिओमेट्री आणि नंतर एमआरआय झाले. उजव्या बाजूला व्हेस्टिब्युलर श्वानोमा आहे, म्हणजेच ज्याला अजूनही बहुतेक जण अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात ती गाठ. ती कर्करोगाची नाही. एकूण लांबी १४ मिलिमीटर असून तिचा मोठा भाग हाडातील बोगद्यात आणि थोडा भाग मेंदूच्या बाजूला बाहेर आलेला आहे. श्रवणाची सरासरी २८ डेसिबल आणि शब्दओळख, म्हणजे ऐकवलेल्या शब्दांपैकी बरोबर ओळखलेले शब्द, ८४ टक्के, असे अहवालात लिहिले आहे.

आम्ही तीन तज्ज्ञांना भेटलो. शस्त्रक्रिया केल्यास ऐकू येत राहण्याची शक्यता पहिल्यांनी ३० ते ४० टक्के सांगितली आणि दुसऱ्यांनी ६० ते ७० टक्के. तिसऱ्यांनी आकडा देण्यास नकार दिला आणि ते उघडून पाहिल्यावरच कळेल, असे म्हटले. तिघेही अनुभवी आहेत आणि तिघांनी तोच एमआरआय पाहिला आहे. मी बँकेत नोकरी करते, आकड्यांना घाबरत नाही. परंतु एकाच कानाविषयी इतके वेगवेगळे आकडे कसे येऊ शकतात, हे मला कळेनासे झाले आहे. शस्त्रक्रिया करावी की न करावी, हा सल्ला मी मागत नाही. हे भाकीत नेमके कशावरून करतात आणि त्यावर किती विसंबावे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

कर्णधार

सुहासिनीताई, मी कान-नाक-घसा विभागातून निवृत्त झालो त्याला आता काही वर्षे झाली, आणि या गाठींच्या शस्त्रक्रियांत न्यूरोसर्जनच्या शेजारी बरीच वर्षे उभा राहिलो आहे. त्यामुळे आधी शरीररचना सांगतो, कारण तिच्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

कानाच्या आत हाडात सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा बोगदा आहे. त्यातून चार नसा जातात : चेहऱ्याची एक, ऐकण्याची एक आणि तोलाच्या दोन, वरची आणि खालची. गाठ जवळजवळ नेहमी तोलाच्या नसेच्या आवरणातून उगवते, ऐकण्याच्या नसेतून नव्हे. म्हणूनच १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने जुने नाव टाकून नवे वापरावे, असे सुचवले. याच बोगद्यातून आंतरकर्णाला रक्त पुरवणारी एक केसासारखी बारीक धमनी जाते, आणि तिला पर्याय नसतो. ती आकसली किंवा दुखावली, तर नस अखंड असूनही कान बंद होतो.

शस्त्रक्रियेत ऐकू येणे जाते ते तीन-चार मार्गांनी. नस ताणली जाते, धमनीचा पुरवठा तुटतो, रक्तस्राव थांबवताना दिलेली उष्णता नसेला लागते, किंवा हाड कोरताना तोलाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेला धक्का लागतो. यातला ताण सर्वांत फसवा असतो. ऐकण्याच्या नसेचे तंतू बोगद्याच्या टोकाला चाळणीसारख्या बारीक छिद्रांतून शंखाकृती कर्णात शिरतात. गाठ मेंदूच्या बाजूला ओढली गेली की ते तिथे उपटले जातात आणि सर्जनला वरून नस शाबूत दिसत राहते. यासाठी मेंदूच्या बाजूकडून कानाच्या दिशेने गाठ सोडवत नेण्याची पद्धत आहे.

हे लांबण लावण्याचे कारण एकच आहे. नस वाचली आणि ऐकू येणे वाचले, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. जर्मनीतील हानोफरचे मजीद सामी यांनी आपल्या १००० शस्त्रक्रियांचा आढावा १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात ६८ टक्के शस्त्रक्रियांत ऐकण्याची नस अखंड राहिली होती, परंतु ज्यांना आधी काही ऐकू येत होते त्यांच्यापैकी ज्यांचे ऐकू येणे टिकले ते सुमारे ४० टक्केच होते. तुम्हाला आकडा सांगणाऱ्याने यांपैकी कोणत्या वाक्याविषयी तो सांगितला, हे आधी विचारा.

सरासरी

कर्णधार यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. मी वैद्य नाही. संख्याशास्त्र शिकवतो, आणि वैद्यकीय टक्केवारीत अंशापेक्षा छेद अधिक फसवतो, असा माझा अनुभव आहे.

केवळ उदाहरणासाठी एक काल्पनिक रुग्णालय घेऊ. तिथे १०० जणांची शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी ६० जणांना आधी उपयोगी पडेल इतके ऐकू येत होते, आणि त्या ६० पैकी ५० जणांच्या बाबतीत ते टिकवण्याचा प्रयत्न केला गेला. उरलेल्या १० जणांची गाठ पाहून तो नाद सोडून दिला. शस्त्रक्रियेनंतर ३० जणांना यंत्रावर मोजता येईल असे काहीतरी ऐकू आले आणि त्यांतल्या २० जणांना उपयोगी पडेल असे. आता पाहा. प्रयत्न केलेल्यांत काहीतरी ऐकू येणारे ६० टक्के. प्रयत्न केलेल्यांत उपयोगी ऐकू येणारे ४० टक्के. आधी उपयोगी ऐकू येत होते त्यांच्यापैकी ३३ टक्के. एकूण रुग्णांपैकी २० टक्के. चारही आकडे खरे आहेत, एकाच रुग्णालयाचे आहेत, आणि कोणीही खोटे बोललेले नाही. तुमचे पहिले आणि दुसरे डॉक्टर कदाचित असेच एकमेकांशी सहमत असतील.

दुसरी गोष्ट काळाची. घरी सोडतानाची श्रवणचाचणी आणि पाच वर्षांनंतरची चाचणी यांत फरक पडतो, कारण शस्त्रक्रियेनंतर टिकलेले ऐकू येणे काही जणांत पुढे हळूहळू कमी होत जाते. आकडा कोणत्या दिवशी मोजला, हा प्रश्नही त्यामुळे विचारावा लागतो.

श्रुती_ठाणे

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. सरासरी यांनी ‘उपयोगी पडेल असे ऐकू येणे’ हा शब्दप्रयोग वापरला, त्याची व्याख्या सांगते, कारण सारे भाकीत तिच्यावर टेकलेले आहे.

सर्वांत रूढ नियम ५०-५० चा आहे. शुद्ध स्वरांच्या चाचणीची सरासरी ५० डेसिबल किंवा त्याहून कमी (हा आकडा जितका कमी तितका कान चांगला) आणि शब्दओळख ५० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर तो कान उपयोगी मानतात. १९८८ ची गार्डनर-रॉबर्टसन श्रेणी आणि अमेरिकन कान-नाक-घसा अकादमीची १९९५ ची वर्गवारी या दोन्हींत ही सीमा आहे. अकादमीच्या वर्गवारीत ‘अ’ वर्ग म्हणजे सरासरी ३० डेसिबलपर्यंत आणि शब्दओळख ७० टक्क्यांपासून वर. ‘ब’ वर्ग म्हणजे ५०-५० च्या आतले उरलेले. त्यापुढे ‘क’ आणि ‘ड’.

या सीमारेषांचा विक्षिप्तपणा असा की ज्याची सरासरी १२ वरून ४८ डेसिबलवर घसरली त्याचे ऐकू येणे ‘टिकले’, आणि ज्याची ४९ वरून ५१ वर गेली त्याचे ‘गेले’. पहिल्याने आयुष्यातला केवढा ऐवज गमावला आणि दुसऱ्याने जवळजवळ काहीच नाही, हे वर्गाच्या अक्षरातून कळत नाही. म्हणून २०१२ पासून निष्कर्ष विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखावर मांडावेत, असा आग्रह धरला जातो.

सुहासिनीताई, तुमच्या भावाच्या अहवालाविषयी दोन शंका आहेत. पहिली अशी की २८ ही सरासरी कोणत्या स्वरांची आहे? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तिघांचीच सरासरी काढतात. अकादमीच्या वर्गवारीत ३००० हर्ट्झही धरावा लागतो. या गाठीत उंच स्वर आधी जातात, त्यामुळे चौथा स्वर धरल्यावर सरासरी बदलू शकते. दुसरी शंका अशी की शब्दओळख करताना डाव्या कानात मास्किंगचा आवाज दिला होता का? तसा तो दिला नसेल, तर उजव्या कानाला दिलेले शब्द कवटीच्या हाडातून डाव्या, निरोगी कानापर्यंत पोचतात, आणि उत्तरे तोच देतो. अहवालात मास्किंगची नोंद असते. कृपया पाहून सांगा.

सुहासिनी_नाशिक

श्रुतीताई, मी अहवाल पुन्हा काढून पाहिला. ५०० ला २०, १००० ला २५, २००० ला ४० असे आकडे आहेत, आणि त्यांचीच सरासरी २८ लिहिली आहे. ३००० चा रकाना रिकामा आहे. मास्किंगची नोंद मला दिसली नाही. शब्दांची यादी २५ शब्दांची होती, असे भाऊ म्हणतो, आणि त्यांतले काही शब्द इंग्रजी होते.

श्रुती_ठाणे

मग चाचणी पुन्हा करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. २५ शब्दांच्या यादीत एक शब्द चुकला की ४ टक्के जातात. ५० शब्दांच्या यादीत २ टक्के. शब्द मातृभाषेतले, नेहमीच्या वापरातले आणि शक्यतो ध्वनिमुद्रित असावेत. समोर बसून वाचून दाखवले, तर वाचणाऱ्याच्या आवाजावर आणि ओठांच्या हालचालींवर निकाल अवलंबून राहतो. परक्या भाषेतला शब्द कळला नाही तर तो कानाचा दोष की शब्दसंग्रहाचा, हे ठरवणे अशक्य होते. या गाठीत शब्दओळख ही स्वरांच्या आलेखापेक्षा अधिक बोलकी असते : आवाज पोचतो, पण नसेतला संदेश विस्कटलेला असल्यामुळे शब्द उमगत नाही. तुमच्या भावाची फोनची तक्रार नेमकी तीच आहे.

बेरा चाचणी झाली नसेल तर तीही करावी. कानात टिकटिक आवाज देऊन नसेपासून मेंदूच्या खोडापर्यंत जाणाऱ्या विद्युत लहरी त्यात मोजतात. पाचवी लहर नीट उठून दिसत असेल आणि तिला फार उशीर होत नसेल, तर नसेत अजून जोम आहे, असा त्याचा अर्थ घेतात. लहरी आधीच विस्कटल्या असतील, तर शस्त्रक्रियेचा ताण ती नस सोसेल याची आशा कमी होते.

डावा_कान

मी रुग्ण आहे. डाव्या बाजूची माझी गाठ २२ मिलिमीटरची होती आणि सहा वर्षांपूर्वी कानामागून कवटी उघडून ती काढली. कागदोपत्री माझे ऐकू येणे टिकले आहे : सरासरी ४५ डेसिबल आणि शब्दओळख ५२ टक्के. म्हणजे मी यशस्वी रुग्णांच्या यादीत आहे.

प्रत्यक्षात तो कान कसा आहे, ते सांगतो. शांत खोलीत डाव्या बाजूने बायको बोलली, तर ती बोलली हे कळते आणि अर्धे वाक्य समजते. लग्नाच्या कार्यालयात तो कान नुसता गोंगाट आत घेतो आणि उजव्या कानाच्या कामात लुडबूड करतो. तिथे मी त्यात कापूस घालून बसतो. फोनसाठी तो निरुपयोगी आहे. मात्र रस्ता ओलांडताना रिक्षा कोणत्या बाजूने आली, हे मला अजून थोडेफार कळते, आणि ते गमावायला मी तयार नाही. कानातला आवाज होता तसाच आहे.

हे निराश करण्यासाठी लिहीत नाही. चेहऱ्याची नस पूर्ण चांगली राहिली, याचे मला ऐकू येण्यापेक्षा अधिक समाधान आहे. फक्त ‘टिकेल’ या शब्दाचे चित्र मनात काय उभे राहते आणि ५२ टक्के म्हणजे काय, यांतले अंतर मला कोणी आधी समजावून सांगितले नव्हते.

कर्णधार

डावा_कान यांचा प्रतिसाद प्रत्येक निवासी डॉक्टरला वाचायला द्यावा असा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आधी कशावरून सांगता येते याकडे येतो. अमेरिकेतील न्यूरोसर्जनांच्या काँग्रेसने २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर ऐकू येणे टिकण्याशी संबंधित म्हणून त्यांत जे घटक मान्य झाले ते मोजकेच आहेत : आधीची चांगली शब्दओळख, आधीची चांगली स्वरसरासरी, लहान गाठ, आणि तीही साधारणपणे एक सेंटिमीटरच्या आतली, आणि बोगद्याच्या कानाकडील टोकाला उरलेले पाणी. रुग्णाचे वय आणि स्त्री-पुरुष हा भेद यांना भाकितात फारसे बळ नाही, असेही त्यांनी म्हटले आहे.

या पाण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण घरच्यांना ते एमआरआयवर दाखवता येते आणि तरीही कोणी दाखवत नाही. विशिष्ट प्रकारच्या बारीक चित्रांत मेंदूभोवतीचे द्रव पांढरे दिसते. गाठ बोगद्याच्या टोकापर्यंत घट्ट भरली नसेल, तर टोकाला त्या द्रवाची एक पांढरी टोपी दिसते. ती असेल तर मी मघाशी सांगितलेल्या चाळणीपाशी गाठ रुतलेली नाही, आणि सर्जनला ते टोक डोळ्यांनी पाहून सोडवण्यास जागा आहे. ती नसेल तर कानामागच्या मार्गाने जाणाऱ्या सर्जनला शेवटचे काही मिलिमीटर बहुधा नजरेआड काम करावे लागते, कारण अधिक हाड कोरायला जावे तर आंतरकर्णच उघडला जाण्याचा धोका असतो. कानाच्या वरून, मेंदूच्या कानशिलाकडील भागाखालून जाणाऱ्या मार्गाने ते टोक अधिक चांगले दिसते, म्हणून लहान आणि बोगद्यातच असलेल्या गाठींसाठी काही केंद्रे तो मार्ग पसंत करतात. पण त्यात चेहऱ्याची नस गाठीच्या वर, सर्जनच्या वाटेतच येते. तिसरा मार्ग आंतरकर्णातूनच जातो आणि ऐकू येणे त्यात जातेच. तिथे भाकिताचा प्रश्नच उरत नाही.

शिवाय गाठ वरच्या तोलाच्या नसेची की खालच्या, हा एक घटक आहे. खालची नस ऐकण्याच्या नसेला खेटून असते, म्हणून वरच्या नसेची गाठ बरी समजतात. कानात गार-गरम पाणी किंवा हवा सोडून तोलाची जी चाचणी करतात, ती वरच्या नसेची कामगिरी दाखवते. त्यामुळे तिचा निकाल वाईट आला तर ऐकण्याच्या दृष्टीने तो शुभशकुन मानण्याची एक गमतीदार प्रथा आहे. मी स्वतः या शकुनावर फार भिस्त ठेवली नाही. गाठ थोडी मोठी झाली की दोन्ही नसा दबतात आणि चाचणीचा उलगडा होत नाही.

तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांविषयी सहानुभूतीने एक सांगतो. गाठ नसेला किती चिकटलेली आहे, हे एमआरआय सांगत नाही. १० मिलिमीटरची गाठ डिंकासारखी चिकटलेली आणि १८ मिलिमीटरची सालीसारखी सुटणारी, असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. उघडून पाहिल्यावरच कळेल, हे टाळाटाळीचे उत्तर असेलच असे नाही.

सरासरी

सहानुभूती मान्य, परंतु उघडून पाहिल्यावर कळणारी माहिती रुग्णाला निर्णयासाठी उपयोगी नसते, कारण तोवर निर्णय झालेला असतो. आधी हाती असलेल्या माहितीवरून जे सांगता येते ते, त्याच्या अनिश्चिततेसकट, सांगायला हवे.

आणि सर्जनचा स्वतःचा अनुभव, हाही एक आकडाच आहे. समजा एखादे सर्जन म्हणाले की तुमच्यासारख्या १० जणांपैकी ७ जणांचे ऐकू येणे मी टिकवले. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने पाहिले, तर १० पैकी ७ या निरीक्षणाशी सुसंगत असलेला खरा दर सुमारे ३५ टक्के ते ९३ टक्के यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे सुहासिनीताईंच्या दोन्ही डॉक्टरांचे आकडे बव्हंशी त्यातच सामावतात! हात कितीही कुशल असला, तरी दहाच्या गणतीतून यापेक्षा नेमके काही निघत नाही.

अलीकडे गाठीचे माप, स्वरसरासरी, शब्दओळख वगैरे घालून शक्यता काढणारी गणिती प्रारूपे बरीच प्रसिद्ध होतात. त्यांच्याकडे पाहताना दोन वेगळे गुण तपासावेत. ज्यांचे टिकले आणि ज्यांचे गेले त्यांना प्रारूप एकमेकांपासून वेगळे ओळखते का, हा पहिला. प्रारूपाने ज्यांना ६० टक्के सांगितले त्यांच्यापैकी खरोखरच शंभरातल्या साठांचे टिकते का, हा दुसरा. पहिला गुण असून दुसरा नसणे अगदी सहज शक्य आहे, विशेषतः एका रुग्णालयाच्या नोंदींवर बेतलेले प्रारूप दुसऱ्या रुग्णालयात नेले की. ज्या केंद्रात फक्त लहान गाठी आणि चांगले कान यांनाच शस्त्रक्रियेसाठी निवडतात, तिथला अंदाज सर्व प्रकारचे रुग्ण घेणाऱ्या केंद्रात फसणारच.

कर्णधार

आकडेमोड मान्य आहे. मात्र मोजता न येणाऱ्या गोष्टीला किंमत शून्य, असे धरू नका. दहा वर्षे एकत्र काम केलेला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि लहरींकडे लक्ष ठेवणारा तंत्रज्ञ, असा संच असलेल्या ठिकाणी मी माझ्या माणसाला नेईन, त्यांच्या दहापैकी सातांचा विस्तार ३५ ते ९३ असला तरीही.

त्या लहरींविषयी राहिले. शस्त्रक्रिया चालू असतानाही भाकीत चालू असते. बेरा चाचणी टेबलावरच सतत करत राहतात, आणि पाचवी लहर एक मिलिसेकंदाने लांबली किंवा तिची उंची निम्म्यावर आली, तर सर्जनला थांबायला सांगण्याचा प्रघात आहे. तो हात थांबवतो, ताण सोडतो, कोमट पाण्याने धुतो आणि वाट पाहतो. अडचण अशी की ही लहर शेकडो टिकटिकींची सरासरी काढून मिळते, त्यामुळे इशारा येईपर्यंत इजा होऊन गेलेली असू शकते. ऐकण्याच्या नसेवरच इलेक्ट्रोड ठेवून संदेश मोजला, तर तो जवळजवळ तत्क्षणी मिळतो. शेवटी पाचवी लहर टिकली असेल, तर बहुधा कान टिकतो. ती गेली असेल तर बहुधा जातो. दोन्ही बाजूंना अपवाद मी पाहिले आहेत. पहिली लहर आहे आणि पाचवी नाही, तर दोष नसेत. दोन्ही एकदम गेल्या, तर रक्तपुरवठ्यावर संशय. शंखाकृती कर्ण जिवंत असेल आणि नस अखंड असेल, तर पुढे कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे नसेला थेट विद्युत संदेश देणाऱ्या, कानात बसवायच्या यंत्राचा विचार काही रुग्णांत करता येतो, म्हणून हा भेद नोंदवून ठेवायला हवा.

जर्मनीत निमोडिपिन हे रक्तवाहिन्या सैल ठेवणारे औषध देऊन ऐकू येणे अधिक टिकते का, याची अनेक केंद्रांत यादृच्छिक चाचणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले, आणि एकूण रुग्णांत ठळक फायदा दिसला नाही. कोणी खात्रीने हे औषध सुचवले, तर हे लक्षात असू द्यावे.

बर्गेनचा_पाऊस

नॉर्वेतून लिहितो आहे. शस्त्रक्रियेव्यतिरिक्त दोन वाटांचाही आकडा शेजारी ठेवला तरच शस्त्रक्रियेच्या आकड्याचे वजन कळेल, असे वाटते. आमच्या गावातील हाउकेलँड विद्यापीठ रुग्णालयात लहान-मध्यम गाठींच्या १०० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली आणि २०२३ साली तिचे निष्कर्ष आले : निम्म्यांना लगेच गॅमा नाइफ हा किरणोपचार, निम्म्यांना आधी नुसती देखरेख. चार वर्षांनंतर किरणोपचाराने गाठ आकसण्यात स्पष्ट फरक दिसला. ऐकू येण्यात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे काहीच न करता थांबले, तरी कान उताराला लागलेला असू शकतो.

कर्णधार

योग्य मुद्दा. २०१८ च्या तत्त्वांत हीच तुलना टप्प्यांत दिली आहे. ५०-५० च्या आत असलेल्या सर्व कानांचा विचार केला, तर नुसत्या देखरेखीत उपयोगी ऐकू येणे टिकण्याची शक्यता दोन वर्षांनी ७५ टक्क्यांच्या वर, पाच वर्षांनी ५० ते ७५ आणि दहा वर्षांनी २५ ते ५० टक्के. शस्त्रक्रियेत ती लगेचच २५ ते ५० टक्के, आणि पुढे त्याच पट्ट्यात. मात्र आधीचा कान ‘अ’ वर्गाचा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर लगेच आणि पाच वर्षांनीही ५० ते ७५ टक्के, आणि दहा वर्षांनी २५ ते ५०. ही तुलना समसमान रुग्णांची नाही, हे खरे. वाढणाऱ्या गाठी शस्त्रक्रियेकडे जातात आणि निवांत गाठी देखरेखीत राहतात.

सुहासिनी_नाशिक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व. दुसऱ्या ठिकाणी चाचणी पुन्हा झाली : मास्किंग देऊन, ५० मराठी शब्दांच्या ध्वनिमुद्रित यादीवर. शब्दओळख ८४ ऐवजी ७६ टक्के आली. ५००, १००० आणि २००० चे आकडे तेच आहेत, पण ३००० हर्ट्झला ५० डेसिबल निघाले. चार स्वरांची सरासरी मी काढली : २०, २५, ४० आणि ५० मिळून १३५, भागिले चार, म्हणजे सुमारे ३४. श्रुतीताईंनी सांगितलेल्या वर्गवारीत भाऊ ‘अ’ मधून ‘ब’ मध्ये गेला.

हे घेऊन दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटलो आणि छेद कोणता, अंश कोणता, दिवस कोणता, हे तीन प्रश्न विचारले. पहिल्यांचा ३० ते ४० टक्के हा आकडा आधी उपयोगी ऐकू येत असलेल्या सर्व रुग्णांचा, ५०-५० च्या नियमाने आणि एका वर्षानंतरचा होता. दुसऱ्यांनी २८ आणि ८४ हे आकडे पाहून भावाला ‘अ’ वर्गात धरले होते आणि ६० ते ७० हा आकडा त्या वर्गासाठी, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चाचणीचा सांगितला होता. नवा अहवाल पाहून ते स्वतःच म्हणाले की आता मी पन्नासच्या खाली सांगेन. गाठीच्या टोकाला पाण्याची टोपी आहे का, हेही विचारले. आहे, पण पातळ, असे दोघांनीही दाखवले.

सरासरी

दोन आकडे जवळ आले याचा आनंद आहे, तरी एक टोचणी राहते. भावाच्या कानात या तीन आठवड्यांत काहीच बदलले नाही. एक रकाना भरला आणि भाकीत वीस टक्क्यांनी घसरले. ३० डेसिबलच्या रेषेपाशी निसर्गात कोणतीही पायरी नाही. ती आपण आखली आहे. २८ च्या माणसाला ६५ आणि ३४ च्या माणसाला ४० सांगणारी पद्धत वर्गांनी विचार करते, कानांनी नाही. दोघांच्या शक्यतेत खरा फरक बहुधा थोडाच असेल. माझ्या मते ‘ब’ वर्गाच्या वरच्या काठावरचा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहावे, आणि आकडा ४० ते ५५ असा ऐसपैस धरावा. हा माझा अंदाज आहे, कोणत्याही अभ्यासाचा निष्कर्ष नाही.

डावा_कान

भाऊ स्वतः काय म्हणतात? सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी माझ्या कानावर सगळे बोलत होते, आणि मी गप्प बसून ऐकत होतो, तेही एकाच कानाने.

सुहासिनी_नाशिक

बरोबर विचारलेत. तो म्हणतो की ज्या कानाने आज ७६ टक्के शब्द कळतात तो कान चाळीस-पन्नास टक्क्यांच्या पैजेवर आज लावायला मन होत नाही. गाठ वाढते आहे असे दिसले, तर तेव्हा लावीन. पुढचा एमआरआय सहा महिन्यांनी आहे. थांबण्यात कान हळूहळू उतरू शकतो आणि पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर भाकीत आजच्यापेक्षा वाईट असेल, हे पहिल्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले आहे आणि त्याने ते ऐकून घेतले आहे.

श्रुती_ठाणे

सहा महिन्यांनी एमआरआयबरोबर श्रवणचाचणीही करा, आणि ती याच केंद्रात, त्याच आवाजाच्या पातळीवर आणि तितक्याच शब्दांच्या यादीवर होऊ द्या. एरवी ७६ चे ७० झाले तर ते कानाने गमावले की यादीने, यावर पुन्हा असाच धागा काढावा लागेल. ३००० हर्ट्झ विसरू नका. रकाना रिकामा दिसला, तर तिथेच भरून मागा.

सुहासिनी_नाशिक

लिहून ठेवले आहे : ५० शब्द, ७० डेसिबल, डाव्या कानात मास्किंग, ३००० हर्ट्झसकट. कागद एमआरआयच्या पाकिटात घातला आहे.